दोघांचा कंडक्टर १६, पण थांबे वेगळे

‘कंडक्टर’ म्हटलं की आपल्याला आधी एसटी आठवते. ‘वाहक’ म्हणावं तर तिकिटाचं मशीनच डोळ्यांसमोर येतं. जर्मन गणितात याला ‘फ्यूरर’ म्हणतात, तो शब्द तर नकोच. तेव्हा बीजगणितातला हा कंडक्टरच राहू द्या; ब्लो-अप नावाच्या पायरीगणिक तो किती उतरतो, हा आजचा विषय. रिंग म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार चालणारा संच. मोठ्या रिंगमधल्या कशानंही गुणलं तरी जे घटक लहान रिंगबाहेर जात नाहीत, त्यांचं हे आयडियल, म्हणजे रिंगमधल्या कशानंही गुणलं तरी स्वतःबाहेर न जाणारा गट.

माझी तक्रार अशी, की सेमीग्रुप (रिंगमधल्या मालिकांच्या सर्वांत लहान घातांकांचा संच) काढला की रिंग कळली असं लोक धरून चालतात. या दोन रिंगा घ्या. क हे शून्य कॅरेक्टरिस्टिकचं फील्ड, म्हणजे परिमेय संख्यांसारखं, जिथे १ कितीही वेळा मिळवला तरी शून्य होत नाही. क[[…]] म्हणजे कंसातल्या जनकांपासून बनणाऱ्या, ट च्या अनंत मालिकांची रिंग; मोठी रिंग क[[ट]].

अ = क[[ट^४, ट^६ + ट^७]]
ब = क[[ट^४, ट^६, ट^१३]]

अ मध्ये १३ येतो कुठून? दुसऱ्या जनकाचा वर्ग करा, ट^१२ वजा करा. २ट^१३ + ट^१४ उरतं. (कॅरेक्टरिस्टिक २ असेल तर हा २ मरतो आणि खेळ बिघडतो.) म्हणजे दोन्हींचा सेमीग्रुप ४, ६, १३ चाच. १, २, ३, ५, ७, ९, ११, १५ एवढ्या आठ फटी आणि १६ पासून पुढे सगळं भरलेलं. कंडक्टर दोन्हीकडे ट^१६ पासून.

आता ब्लो-अप: मॅक्सिमल आयडियलला (स्थिर पद नसलेल्या सगळ्या घटकांना) ट^४ नं भागून जे येईल ते रिंगमध्ये घाला. ब मधून ट^२ आणि ट^९ मिळतात. अ मधून ट^२ + ट^३ मिळतं. त्याच्या वर्गातून ट^४ काढला की २ट^५ + ट^६, म्हणून सेमीग्रुप २, ५ चा. पुढे ब्लो-अप करत गेलात तर मल्टिप्लिसिटी (सेमीग्रुपमधला शून्यानंतरचा सर्वांत लहान आकडा) अ ला ४, २, २, १ अशा, ब ला ४, २, २, २, २, १. सेमीग्रुपला याचा पत्ताच नाही! नेमका हाच क्रम वक्राच्या शाखेच्या रिंगमधून कसा वाचायचा, हे जाहित आर्फ यांनी १९४० च्या दशकात दाखवलं. तुर्कस्तानच्या १० लिराच्या नोटेवर आहेत ते. गणितज्ञ नोटेवर! असो, घड्याळ बघतोय मी.

आता मूळ विषय, प्रत्येक ब्लो-अपला कंडक्टर किती उतरतो. अ समतल आहे (दोनच जनकांत भागते), मल्टिप्लिसिटी ४. य = ट^६ + ट^७ धरा; क[[ट^४]] वर तिचा पाया १, य, य^२, य^३. ब्लो-अपचा पाया तेच, पण य^न ला ट^४ नं न वेळा भागून. सगळे परत आणायचे तर ट^४ चा घन लागतो. ब्लो-अपचा कंडक्टर ४, म्हणून ३ × ४ + ४ = १६. भरलेल्या फटी ० + १ + २ + ३ = ६.

ब समतल नाही, तिला तीन जनक लागतात. तिथे पाया ०, ६, १३, १९ या घातांकांचा. तो ०, २, ९, ११ होतो. भागाकार शून्य, एक, एक, दोन वेळा. फटी ४ च भरल्या. ट^४ चा वर्ग पुरतो, ब्लो-अपचा कंडक्टर ८, आणि २ × ४ + ८ = १६. समतल वक्राचं सूत्र इथे लावलंत तर २० येईल, चूक.

शेवटचं, घाईत. भागायला योग्य घटक (वर ट^४ होता तसा) दर वेळी मिळेलच असं नाही. दोनच घटकांच्या फील्डवर क्ष·य·(क्ष + य) = ० घ्या. तीनच दिशा आहेत आणि तिन्ही रेषांनी अडवलेल्या. तिथे मॅक्सिमल आयडियलच्या वर्गाकडे जा, क्ष^२ + क्ष·य + य^२ नं भागा.