विचारणारा कुठे गेला?

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'सूफी ग्रंथांचे आधुनिक इंग्रजी अनुवाद कसे वाचावेत?' त्यातल्या 'कसे वाचावेत'कडे मी येणार आहे. नक्की येणार आहे. पण आधी एक तक्रार.

हल्ली लग्नपत्रिकेवर फारसी सूफी कवी रूमी असतो, कॉफीच्या मगावर असतो, योगवर्गाच्या भिंतीवर असतो. मला फोन येतात, "सर, प्रेमावर रूमीच्या दोन ओळी द्या ना, साखरपुड्याला हव्यात." मी म्हणतो, त्याच्या 'मसनवी' या दीर्घकाव्यात सुमारे २५,००० द्विपदी आहेत, नेमकं कुठलं प्रेम हवंय? पाचव्या दफ्तरात, म्हणजे भागात, एक दासी, एक गाढव आणि एक दुधी भोपळा यांची गोष्ट आहे, ती चालेल? (हशा) हसताय म्हणजे काही जणांनी वाचलेली दिसते. ज्यांनी वाचली नाही त्यांना मी ती सांगणार नाही, पुढच्या रांगेत शाळेतली मुलं बसलीत. केंब्रिजच्या रेनॉल्ड निकल्सन यांचीही तीच अडचण झाली. १९२५ ते १९४० या काळात त्यांनी मसनवीची संहिता, इंग्रजी अनुवाद आणि टीका असे आठ खंड काढले, आणि असले चावट भाग सरळ लॅटिनमध्ये घातले. म्हणजे रूमी समजायला फारसी नको, लॅटिन हवं!

तर तक्रार. मगावरचा रूमी बहुतेक वेळा अमेरिकेतून आलेला असतो. १९७६ साली कवी रॉबर्ट ब्लाय यांनी कोलमन बार्क्स यांच्या हातात इंग्रज अभ्यासक आर्बेरींचे विद्वज्जड अनुवाद ठेवले आणि या कवितांना पिंजऱ्यातून सोडवायला हवं असं सुचवलं. बार्क्स यांना फारसी येत नव्हती, आणि त्यांनी ते कधी लपवलंही नाही. इंग्रजीवरून इंग्रजी करत त्यांनी कविता सोडवल्या. लाखो लोकांनी वाचल्या, काहींना त्यामुळे मूळ वाचायची ओढ लागली. हे मी नाकारत नाही. माझं दुखणं वेगळं आहे. पिंजऱ्यातून पक्षी सुटला, पण तो कोणाच्या घरचा होता ते कुणी लिहून ठेवलं नाही.

आता आपल्या शेजारचं सांगतो. वेरूळला जाताना खुलदाबाद लागतं. तिथे आपण औरंगजेबाची कबर पाहतो, भद्रा मारुतीला जातो, वाटेत काहीतरी खातो आणि परततो. त्याच खुलदाबादला अमीर हसन सिज्झी निजलेला आहे. दिल्लीचा कवी, अमीर खुसरोचा मित्र, पोटासाठी लष्करात चाकरीला. १३०८ पासून १३२२ पर्यंत तो सूफी पीर निजामुद्दीन औलियांच्या मजलिशीला, म्हणजे बैठकीला, जायचा आणि ऐकलेलं लिहून ठेवायचा. त्यातून 'फवाइद अल-फुवाद' हा ग्रंथ झाला. खुसरो म्हणे म्हणायचा, माझे सगळे ग्रंथ घ्या आणि हा एक माझ्या नावावर करा. खरंखोटं खुसरोलाच ठाऊक, पण मत्सर पटण्यासारखा आहे.

हसनचा पगार एकदा अडकला. सातशे वर्षांपूर्वीही अडकत होते, विनाअनुदानित मंडळींनी दिलासा घ्यावा. (हशा) बिचारा काळजीत होता. तसाच मजलिशीत जाऊन बसला. औलियांनी गोष्ट काढली. एका शहरात एक ब्राह्मण होता, चांगला श्रीमंत. शहराच्या अधिकाऱ्याने त्याला दंड केला, होतं नव्हतं ते सगळं काढून घेतलं. पुढे रस्त्यात ओळखीचा भेटला, म्हणाला, "कसं काय?" ब्राह्मण म्हणाला, "उत्तम." "अरे, तुझं तर सगळं गेलं, उत्तम कसलं?" "माझं जानवं माझ्यापाशी आहे."

हसन लिहितो की ही गोष्ट माझ्यासाठीच होती हे मी ओळखलं, आणि मनाला बरं वाटलं.

थोडं थांबून बघा इथे काय काय आहे. एक सूफी पीर, समोर पगार थकलेला मुसलमान शिपाई, आणि धीर द्यायला उदाहरण कुणाचं, तर जानवं सांभाळणाऱ्या ब्राह्मणाचं! आता यातला हसन काढा, पगार काढा, मजलिस काढा. काय उरतं? 'खरी संपत्ती अंतरीची.' सूर्योदयाचं चित्र मागे लावा आणि सकाळी सहाला पाठवून द्या. मला रोज येतात.

आपल्याकडे ही अडचण महानुभावांनी ओळखली होती. म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या त्या चक्रधरस्वामी कुठे होते, कोण आलं, काय विचारलं यासकट. पुढे केसोबासांनी त्यातली वचनं निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. आणि मग पंथाला वाटलं, सूत्र एकटं पडलंय, म्हणून 'प्रकरणवश' आलं. कुठलं वचन कुठल्या प्रसंगी निघालं, एवढंच ते सांगतं. मगावरच्या रूमीला नेमकं तेच मिळालेलं नाही. प्रकरणवश! या एका गोष्टीवर मी तासभर बोलू शकतो, पण ही चिठ्ठी आलीच. पाच मिनिटं? बरं.

मग 'कसे वाचावेत' भराभर सांगतो. फवाइद इंग्रजीत ब्रूस लॉरेन्स यांनी १९९२ साली आणलं. वाचताना तारखा आणि कोण आलं-गेलं हे गाळू नका, औलियांचं अर्धं बोलणं त्या येणाऱ्यांमुळे निघतं.

मसनवीला निवडक संग्रहातून हात घालू नका. ती रूमींनी आपले शिष्य हुसामुद्दीन चलबींना सांगितली, त्यांच्याच आग्रहावरून. दुसऱ्या दफ्तराच्या आरंभी रूमी स्वतःच म्हणतात की मध्ये उशीर झाला, रक्ताचं दूध व्हायला वेळ लागतो. मध्ये पडलेली ही खीळ संपूर्ण अनुवादातच कळते. निकल्सन रुक्ष वाटले तर जावेद मोजद्देदींचा पद्य अनुवाद घ्या, पहिलं दफ्तर २००४ साली आलं. गोष्ट मध्येच तुटली, दुसरी सुरू झाली तर चिडू नका आणि पुढे उडी मारू नका, तुटणं हा तिथला रिवाजच आहे. निकल्सन यांचे शेवटचे दोन खंड नुसत्या टीकेचे आहेत, ग्रंथालयात मिळाले तर शेजारी ठेवा.

कुराण आणि हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं, यांचे संदर्भ अनुवादकाने गाळले असतील तर ते पुस्तक बाजूला ठेवा. तुकारामातून विठ्ठल काढून छापल्यावर उरेल ते काहीही असेल, तुकाराम नसेल.

आणि एकच पुस्तक घ्यायचं असेल तर रूमींची प्रवचनं घ्या, आर्बेरींचा अनुवाद, १९६१. कविता नाही, गद्य आहे. मंगोलांच्या वर्चस्वाखाली सेल्जुक सुलतानांचा कारभार सांभाळणारा मंत्री मुईनुद्दीन परवाना त्यात ठिकठिकाणी भेटतो. पहिल्याच प्रवचनात रूमी त्याला तोंडावर सुनावतात की तू तातारांशी, म्हणजे मंगोलांशी, हातमिळवणी करून शामच्या (सीरियाच्या) आणि मिसरच्या (इजिप्तच्या) लोकांविरुद्ध त्यांना मदत करतोयस. प्रेमाचा कवी मंत्र्याशी कसा बोलायचा ते तिथे बघायला मिळतं. हो, उठतो, अध्यक्ष महाशय, उठतो.