'फिल्मिहुल्लु' : पडत्या काळात उभे राहिलेले एक फिनिश नियतकालिक

सन १९६८. फिनलंडची लोकसंख्या तेव्हा सुमारे ४६ लाख होती आणि तिथल्या चित्रपटसृष्टीचे वैभवाचे दिवस सरले होते. पन्नासच्या दशकाच्या मध्यास ज्या देशात वर्षाला वीसहून अधिक चित्रपट तयार होत, तिथे दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचू लागताच चित्रपटगृहे ओस पडत गेली. १९६३ मध्ये नटनट्यांनी मोबदल्याच्या प्रश्नावर स्टुडिओंविरुद्ध पुकारलेला संप १९६५ पर्यंत लांबला आणि त्याच वर्षी 'सुओमेन फिल्मितेओल्लिसुस' ही बलाढ्य निर्मितीसंस्था दिवाळखोरीत निघाली. अशा काळात 'फिल्मिहुल्लु' सुरू करण्याचे धाडस काही चित्रपटप्रेमींनी केले.

चित्रपटविषयक नियतकालिके फिनिश वाचकांना नवी नव्हती. १९२१ मध्ये निघालेले 'फिल्मिआइत्ता' आणि नंतरचे 'एलोकुवा' ही दोन्ही १९३२ मध्ये एकत्र येऊन 'एलोकुवा-आइत्ता' निघाले. तारे-तारकांची छायाचित्रे, स्टुडिओतल्या घडामोडी आणि नव्या चित्रपटांची परीक्षणे यांवर ते तीन दशकांहून अधिक काळ चालले. पण ज्या उद्योगाच्या भरभराटीवर त्याची भिस्त होती तोच खचल्यावर साठच्या दशकाच्या अखेरीस तेही बंद पडले.

'फिल्मिहुल्लु'ची भिस्त वेगळ्या गोष्टीवर होती. १९७१ पासून त्याचे संपादन पेटर फॉन बाग यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी तिशीही गाठलेली नव्हती. मात्र १९५७ मध्ये स्थापन झालेल्या फिनिश चित्रपट संग्रहालयाचा कारभार त्यांनी त्याआधीच सांभाळला होता आणि पुढेही अनेक वर्षे तिथल्या खेळांसाठी चित्रपट तेच निवडत असत. जुने चित्रपट लोकांना दाखवणारा आणि त्यांवर लिहून घेणारा माणूस एकच असणे, हेच या नियतकालिकाचे खरे बळ होते, असे आम्हाला वाटते. दिग्दर्शक म्हणून जगभर नाव होण्यापूर्वी आकि कौरिस्मॅकी यांनीही इथे समीक्षा लिहिली.

१९८६ मध्ये फॉन बाग, आकि आणि त्यांचे बंधू मिका यांच्या पुढाकाराने उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, सोदांक्युला या लहानशा गावी चित्रपट महोत्सव सुरू झाला. जूनमध्ये तिथे सूर्य मावळत नाही आणि खेळ रात्रंदिवस चालतात. सकाळी दहाला गावच्या शाळेत पाहुण्या दिग्दर्शकाची प्रकट मुलाखत होई. समोर फॉन बाग बसत आणि पहिला प्रश्न ठरलेला असे: तुम्ही आयुष्यात पाहिलेला पहिला चित्रपट कोणता? पहिल्याच वर्षी आलेले अमेरिकन दिग्दर्शक सॅम्युएल फुलर यांच्या नावाचा रस्ता आज त्या गावात आहे.

सप्टेंबर २०१४ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, फॉन बाग संपादकपदी राहिले. दीर्घ निबंध, सविस्तर मुलाखती आणि विस्मरणात गेलेल्या दिग्दर्शकांची नव्याने ओळख ही त्यांनी घालून दिलेली वाट त्यांच्या पश्चातही 'फिल्मिहुल्लु'ने सोडली नाही.