कोईची पिल्ले आणि त्यांचे उशिरा उमलणारे रंग

श्रोतेहो, नमस्कार.

कुर्ल्याच्या शोभिवंत माशांच्या बाजारात किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या दुकानांत आपण कधी डोकावला असाल, तर निळ्या टबांत फिरणारी कोई माशाची बोटभर पिल्ले आपण पाहिली असतील. गिऱ्हाईक टबावर वाकते, सर्वांत लालभडक पिल्लाकडे बोट दाखवते आणि दुकानदार तेच जाळीने उचलून पिशवीत सोडतो. सहा वर्षांपूर्वी मुलुंडच्या आमच्या तळमजल्याच्या घरामागे हौद बांधून घेतला, तेव्हा मीही अशीच २४ पिल्ले निवडली होती. पंचविसावे दुकानदाराने वर घातले. ते फिकट, पिकू लागलेल्या पपईच्या गरासारख्या रंगाचे होते आणि घरी येईपर्यंत मी त्याच्याकडे नीट पाहिलेही नव्हते. दीड वर्षाने माझ्या निवडीतल्या सर्वांत लाल माशाच्या पाठीवर चार-दोन गुलाबी डागांपलीकडे काही उरले नाही, आणि त्या पंचविसाव्या माशाची पाठ मात्र महिन्यागणिक भरत गेली. आज तो माझ्या हौदातला सर्वांत देखणा मासा आहे. पिल्लाचा आजचा रंग वेगळा आणि त्याला पुढे येणारा रंग वेगळा, हे मला या दोन माशांमुळे कळले. आज मी आपल्याशी त्याविषयीच बोलणार आहे.

आपल्याकडे शेततळ्यांत आणि धरणांत वाढवला जाणारा सायप्रिनस, म्हणजे कार्प मासा बहुतेकांच्या परिचयाचा आहे. कोई हा त्याच्याच कुळातला. जपानच्या निइगाता प्रांतातल्या डोंगराळ भागात भातशेती करणारे लोक हिवाळ्यात खाण्यासाठी काळपट कार्प मासे पाळत असत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या माशांत अधूनमधून लाल किंवा पांढरे ठिपके असलेली पिल्ले दिसू लागली. शेतकऱ्यांनी ती वेगळी ठेवली, त्यांचीच वीण घेतली, आणि त्यातून पुढे पांढऱ्यावर लाल रंगाचा कोहाकू, त्यात काळ्याची भर पडलेला सांके आणि काळ्या अंगावर लाल-पांढरे उमटणारा शोवा असे प्रकार घडत गेले. टोकियोत १९१४ साली भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेले आणि डोंगरातल्या गावांबाहेरच्या लोकांना ते माहीत झाले. शोवा हा प्रकार तर १९२७ सालचा, म्हणजे त्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. ही नक्षी वरून पाहण्यासाठी घडवलेली आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. आम्ही मुंबईकर १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात काचेला नाक लावून मासे बाजूने पाहत मोठे झालो, त्यामुळे कोईची पारखही आम्ही काचेच्या टाकीतून करायला जातो. कोईची पाठ पाहावी लागते, आणि ती पाण्याच्या वर उभे राहूनच दिसते.

आता रंगाकडे वळतो. माशाच्या त्वचेत रंगपेशी थराथरांनी असतात. काळ्या पेशींत मेलॅनिन असते, लाल आणि नारिंगी पेशींत कॅरोटिनॉइड वर्गातली द्रव्ये असतात आणि चकाकी देणाऱ्या पेशींत ग्वानीनचे सूक्ष्म स्फटिक असतात. मेलॅनिन माशाला स्वतःच्या शरीरात तयार करता येते. कॅरोटिनॉइड मात्र त्याला मुळापासून तयार करता येत नाही, ते आहारातूनच मिळवावे लागते. आहारातल्या झियाझँथिनचे अधिक लाल अशा अ‍ॅस्टाझँथिनमध्ये रूपांतर करण्याची क्षमता कार्प माशांत असते, आणि स्पिरुलिना या शेवाळात झियाझँथिन असल्यामुळे रंगाच्या खाद्यात ते घातले जाते. परंतु लाल पेशी मुळात किती आहेत आणि त्या त्वचेत किती खोलवर पसरल्या आहेत, हे आईबापांकडून आलेले असते. खाद्य त्या पेशी भरू शकते, पण नसलेल्या पेशी निर्माण करू शकत नाही.

माझा लालभडक मासा का फिकटला, याचे उत्तर येथेच आहे. दहा सेंटिमीटरचे पिल्लू ५० सेंटिमीटरचे होते, तेव्हा त्याची लांबी पाचपट होते, पण त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ २५ पट होते. लहानपणीच गडद दिसणारा लाल रंग पुष्कळदा पातळ थराचा असतो आणि लवकर पूर्णत्वाला पोहोचलेला असतो. कातडी ताणली जाऊ लागली की तो विरळ होतो, मधे भोके पडतात, कडा तुटतात. त्याउलट एकसारखा, मऊ, पिकल्या फळाच्या छटेचा नारिंगी रंग बहुधा जाड थराचा असतो आणि वाढीबरोबर हळूहळू गडद होत जातो. म्हणून पिल्लू निवडताना मी लालीची तीव्रता पाहत नाही, तर एका डागात सर्वत्र छटा सारखी आहे का, हे पाहतो. कोहाकूचा लाल डाग वाढीबरोबर ताणला जातो, पण नवा डाग सहसा उमटत नाही, त्यामुळे लहानपणी थोडी जास्त वाटणारी नक्षी मोठेपणी प्रमाणशीर दिसते. डागाची पुढची कड लहान पिल्लात धूसर दिसली, तरी तो दोष समजू नये. तेथे लाल खवल्यावर पुढच्या पांढऱ्या खवल्याची झालर आलेली असते, आणि त्वचा जाड झाली की ती कड आपोआप रेखीव होते.

लाल रंग लवकर यावा म्हणून पिल्लांना रंगाचे खाद्य भरपूर घालण्याचा मोह मलाही झाला होता. परिणाम असा झाला की लाल फारसा बदलला नाही, पण पांढरा भाग पिवळट पडला आणि तो निवळायला चार महिने लागले. कोईच्या सौंदर्यात पांढऱ्याचा वाटा लालाइतकाच आहे, हे मी तेव्हा विसरलो होतो. आता पहिले वर्षभर मी चांगल्या प्रथिनांचे साधे बारीक खाद्य दिवसातून चार-पाच वेळा, पाच मिनिटांत संपेल इतकेच घालतो. जाता जाता एक सांगतो. झेंडूच्या पाकळ्यांत ल्युटीन हे कॅरोटिनॉइड असते हे खरे, पण म्हणून दसऱ्याच्या तोरणाची फुले हौदात टाकू नयेत. त्यांच्यावर कोणती फवारणी झाली आहे, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो.

मुंबईच्या पाण्याविषयी जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण पिल्ले दगावतात ती बहुतेक पाण्यामुळे. तानसा, भातसा, वैतरणा या तलावांतून येणारे आपले पाणी मृदू असते आणि नळाला येते तेव्हा त्यात क्लोरीन असतो. एकदा मे महिन्यात घाईने मी नळाची नळी थेट हौदात सोडली आणि संध्याकाळपर्यंत सात मासे गमावले. तेव्हापासून पाणी आधी पिंपात भरून त्यात सोडियम थायोसल्फेट, ज्याला दुकानदार हायपो म्हणतात, ते घालतो आणि मगच ते हौदात घेतो. तेही एका वेळी हौदाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नाही. पाणी मृदू असल्यामुळे त्याची आम्लता सहज बदलते, आणि पावसाळ्यात उघड्या हौदात पाऊस पडत राहिला की ती आणखी अस्थिर होते. त्यासाठी मी गाळणीत तिसऱ्यांच्या शिंपल्या ठेवतो. उकळून, घासून, उन्हात वाळवलेल्या या शिंपल्या हळूहळू विरघळतात आणि पाण्याला स्थैर्य देतात. पाण्यात खनिजे पुरेशी असतील, तर काळा रंगही घट्ट बसतो, असा कोई पाळणाऱ्यांचा अनुभव आहे आणि माझाही तोच आहे.

उकाड्याचे दोन धोके आहेत. २० अंश सेल्सियसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो, आणि त्याच वेळी माशाची भूक आणि श्वसन दोन्ही वाढलेली असतात. दुसरा धोका अमोनियाचा. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ७ असताना ३० अंशांना एकूण अमोनियाचा शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो, पण सामू ८ झाला की तोच वाटा सात-साडेसात भागांवर जातो. हिरवे शेवाळ माजलेल्या हौदात दुपारी सामू असाच चढतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत मी हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवतो, हौदाच्या अर्ध्या भागावर हिरवी जाळी ताणतो आणि दुपारचे खाणे बंद करतो.

सर्वांत जास्त धीर काळ्या रंगासाठी लागतो. शोवा जातीची पिल्ले अंड्यातून बाहेर पडतात तीच काळसर, त्यामुळे पैदास करणारे पहिल्या आठवड्याच्या आसपासच फिकी पिल्ले वेगळी काढतात. सांकेचे काळे नंतर उमटते. शोवाच्या पिल्लाचे छातीजवळचे पर पुष्कळदा पूर्ण काळे असतात आणि वाढीबरोबर तो रंग पराच्या मुळाशी गोळा होतो. कातडीच्या खोल थरात दडलेले काळे वरून निळसर-राखाडी छायेसारखे दिसते. नवख्या माणसाला ती घाण वाटते, पण तेथे पुढे काळे वर येण्याची शक्यता असते. थंड पाण्यात काळे गडद होते, कोमट पाण्यात ते मागे सरते. निइगातात हिवाळ्यात बर्फ साचते. माझ्या हौदात जानेवारीच्या पहाटे पाणी जेमतेम २१ अंशांपर्यंत उतरते आणि मे महिन्यात ३१ अंशांवर जाते. माझ्या एका शोवाच्या डोक्यावरचा काळा पट्टा पहिल्या उन्हाळ्यात राखेसारखा झाला, तेव्हा मी तो मासा कोणाला तरी देऊन टाकणार होतो. जानेवारीत तो पट्टा जवळजवळ पूर्ण परतला. हौदाच्या रंगाचाही परिणाम होतो. फिकट तळाच्या हौदात माशाचे काळे रंगद्रव्य आक्रसते आणि तो एकूणच उजळ दिसतो, म्हणून माझ्या हौदाच्या भिंती मी गडद ठेवल्या आहेत.

हे बदल डोळ्यांना रोज पाहून कळत नाहीत, आणि आपली स्मृती तर आपल्या आवडत्या माशाच्या बाजूने झुकते. म्हणून मी प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सावलीत निळा टब ठेवतो, त्यात हौदाचेच वीतभर पाणी घेतो, बाजूला मोजपट्टी ठेवतो आणि मासा टबात आणून बरोबर वरून छायाचित्र घेतो. मासा हवेत उचलायचा नाही, पाण्यातून पाण्यातच न्यायचा, आणि दोन मिनिटांत परत सोडायचा. वहीत त्याची लांबी, पाण्याचे तापमान आणि त्या महिन्यातले खाद्य लिहितो. त्या पपईच्या रंगाच्या माशाची ६० हून अधिक छायाचित्रे माझ्याकडे आहेत. ती ओळीने पाहिली की फिकटपणातून गडदपणाकडे जाताना मधे सात महिने काहीच घडलेले दिसत नाही.

तो मासा मादी निघाला. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिने त्याच शोवाबरोबर नायलॉनच्या दोरीच्या मोकळ्या केलेल्या धाग्यांवर अंडी घातली. मोठे मासे स्वतःची अंडी खातात, म्हणून धागे लगेच वेगळ्या टबात नेले. तिसऱ्या दिवशी अंडी फुटली आणि डोळ्यांचे दोन ठिपके तेवढे असलेले मत्स्यजिरे टबाच्या भिंतींना चिकटून लोंबू लागले. अंगची बलकाची पिशवी संपून ते पोहू लागल्यावर पहिले दोन दिवस उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलीतून गाळून थेंबाथेंबाने घातला, नंतर आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवाची नुकती फुटलेली पिल्ले आणि मोइना हे पाण्यातले बारीक किडे. हजारो जिऱ्यांतून निवड करावी लागते, कारण सर्वांना वाढवण्याइतके पाणी कोणाजवळच नसते. वाकड्या पाठीची, तोंडाची ठेवण बिघडलेली, एकाच रंगाची पिल्ले आधी वेगळी काढली. ज्यांच्याकडे बंदिस्त हौद आहेत, अशा मित्रांनी पुष्कळशी नेली. नको असलेले मासे पवई किंवा विहार तलावात सोडून देणे ही भूतदया नव्हे. हा मासा तळाचा चिखल उकरून पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उखडतो आणि तेथल्या माशांना आपले रोगही देऊ शकतो. हे मी अत्यंत कळकळीने सांगतो आहे.

त्या विणीतली ३० पिल्ले मी ठेवली आहेत आणि आज ती १४ महिन्यांची झाली आहेत. त्यांच्यात एक असे आहे की ज्याच्या डोक्यावर पिवळट डाग आहे, पाठीवर एकच नारिंगी ठसा आहे आणि उजव्या खांद्यापासून शेपटीकडे निळसर छाया गेली आहे. घरी आलेल्या प्रत्येकाने ते सोडून दुसरे मागितले. येत्या मे महिन्यात ती छाया पुसट होईल, याची मला कल्पना आहे. जानेवारीच्या पहिल्या रविवारी मी त्याला पुन्हा निळ्या टबात घेईन आणि या महिन्याच्या छायाचित्राशेजारी ते नवे छायाचित्र ठेवून पाहीन.

नमस्कार.