सुई कुठे पोहोचली, हे कळतं कसं?

श्रोतेहो, नमस्कार. हाताची शस्त्रक्रिया ठरते आणि भूलतज्ज्ञ सांगतात, "तुम्हाला पूर्ण झोपवणार नाही, फक्त हात बधिर करू." यालाच आम्ही नर्व्ह ब्लॉक म्हणतो: हाताची संवेदना वाहून नेणाऱ्या नसेजवळ (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) सुईने बधिर करणारं औषध सोडायचं. त्यावर पेशंट विचारतातच, "डॉक्टर, नस नेमकी कुठे आहे हे तुम्हाला बाहेरून कळतं कसं?"

बरीच वर्षं ते बोटांनी कळत असे. 1911 साली कुलेनकाम्फ या जर्मन डॉक्टरांनी कॉलरच्या हाडाच्या वरून सुई घालून हात बधिर करण्याची पद्धत मांडली. धाडस असं, की आधी त्यांनी ती स्वतःवरच करून पाहिली! रोहिणीचे ठोके चाचपायचे, अंदाजाने सुई सरकवायची आणि पेशंटला विचारत राहायचं, "बोटांत मुंग्या आल्या का?" मुंग्या आल्या की औषध सोडायचं. पण तिथेच खाली फुप्फुसाचं टोक असतं. त्याला सुई लागली तर छातीत हवा शिरते. या भीतीने कित्येक जण त्या जागेच्या वाटेला जात नसत.

पुढे नर्व्ह स्टिम्युलेटर आला. सुईतून बारीक विद्युतप्रवाह सोडायचा, बोटं उडू लागली की प्रवाह कमी करत जायचा. अर्ध्या मिलिअँपिअरच्या आसपासही बोटं हलत असतील, तर सुई नसेजवळ आहे असं धरायचं. मात्र कधीकधी सुई नसेला टेकलेली असूनही बोट हलत नाही.

सोनोग्राफीने हे सगळं डोळ्यांसमोर आणलं. 1994 साली व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी याच जागेच्या ब्लॉकसाठी ती वापरली. पडद्यावर रोहिणीच्या शेजारी नसा द्राक्षांच्या घडासारख्या दिसतात. औषध त्यांच्याभोवती पसरताना दिसतं. पसरलं नाही तर सुई तिथल्या तिथे हलवता येते. त्यामुळे औषध कमी लागतं, रक्तवाहिनीत सुई जाण्याचा आणि औषध रक्तात भिनून झटके येण्याचा धोका घटतो. खांद्याच्या ब्लॉकमध्ये श्वासपटलाची, म्हणजे छातीखालच्या श्वास ओढणाऱ्या स्नायूची नसही बधिर होते आणि श्वास अपुरा वाटू शकतो. औषध कमी घातलं तर तोही त्रास कमी होतो.

म्हणून मी सोनोग्राफीच्याच बाजूचा. तरी एक गोष्ट लपवणार नाही. नसेला कायमची इजा होणं मुळातच दुर्मीळ, आणि सोनोग्राफीने ते आणखी कमी झाल्याचं अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. सोनोग्राफीचा झोत अगदी पातळ असतो. सुईची दांडी दिसते, टोक मात्र झोताबाहेर निसटतं, आणि नवशिक्याला वाटतं, दिसतंय की सगळं! खोलवरच्या नसा तर पुसटच दिसतात. तिथे बरेच भूलतज्ज्ञ स्टिम्युलेटरही जोडीला घेतात.

तुमच्यावर अशी वेळ आली तर रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास, किंवा हातापायांत आधीपासून बधिरपणा असल्यास, तसं आधी सांगा. औषध सोडताना जोराची कळ आली तर सहन करत बसू नका, लगेच बोला. आणि बधिर हात काही तास तुमचं ऐकणार नाही, तोवर तो झोळीतच ठेवा, गरम वस्तूंपासून लांब.