तर्रीपुढे कोणती वाइन?

(वरुड तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात, डिसेंबरच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

अध्यक्ष महोदय, मायबहिणींनो आणि मंडळी,

नाताळच्या सुट्टीत पोरं पुण्या-बंगळुरूहून गावी येतात. वावरात गोवऱ्या पेटतात, रोडगे भाजले जातात, गावरान कोंबडा शिजतो. आणि हल्ली पोरांच्या पिशवीतून वाइनची बाटलीही निघते. ती कोणती असावी, एवढाच आजचा विषय. ज्यांच्या घरी हे चालत नाही त्यांना आग्रह करायला मी उभा नाही. दारूनं बसलेली घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत, म्हणून जपूनच बोलतो.

माझं म्हणणं असं, की वाइन निवडताना मटण आहे की मासळी, हे पाहू नका. मसाला पाहा. 'मटणासोबत लाल वाइन' हा नियम युरोपातून आला. तिथे मटण मीठ-मिऱ्यावर भाजतात. आपल्या भाजीत काळा मसाला, भाजलेलं खोबरं, खसखस आणि वर बोटभर तर्री. तिथला नियम इथे चालायचा कसा?

कसा चालत नाही ते सांगतो, पण त्याआधी दुकानांबद्दल बोलू द्या. हे बरेच दिवस मनात आहे.

गेल्या दिवाळीनंतर पाहुणे यायचे होते, म्हणून जिल्ह्याच्या गावी एका दुकानात गेलो. दुकान पश्चिमेकडे तोंड करून, वर टिनाचं छत. पांढऱ्या वाइनच्या बाटल्या दर्शनी काचेत उभ्या, दुपारचं ऊन थेट त्यांच्यावर. एक हातात घेतली. बूच मानेच्या वर नखभर आलेलं, त्यावरचा कागद फुगलेला, मानेवरून खाली चिकट ओघळ वाळलेला. आतला रंग कोऱ्या चहासारखा. मी म्हटलं, "भाऊ, ही खराब झाली." तो म्हणाला, "खराब नाही साहेब, जुनी व्हय. जुनी तितकी कडक."

या एका समजुतीनं फार नुकसान केलं आहे. वर्षानुवर्षं ठेवून सुधारतात अशा वाइन जगात थोड्या. आपल्याकडे मिळणारी साधी पांढरी वाइन वर्षा-दोन वर्षांत पिऊन संपवायची असते. ती ठेवायची १२ ते १५ अंशांत, अंधारात. आपला मे महिना ४५ अंशांचा. त्या उन्हाळ्यात काचेत उभी राहिलेली बाटली अक्षरशः शिजते. आतली वाइन फुगून बूच वर ढकलते, हवा शिरते, फळाचा वास जातो आणि मागे उकळलेल्या मुरंब्याची चव राहते. आणि गिऱ्हाईक काय म्हणतं? "वाइन म्हणजे हेच का? आपल्याला नाही आवडली बा." नाशिकच्या शेतकऱ्यानं थंडीच्या रात्री सांभाळलेलं द्राक्ष, जानेवारी ते मार्चमध्ये तोडलेलं, आणि त्याची किंमत इथे अशी होते. मी त्या दुकानदाराशी भांडलो, आणि पुन्हा भांडेन.

म्हणून बाटली घेताना तिच्यावरचं साल पाहा, पांढरी असेल तर सर्वात ताजी घ्या. बूच वर आलेलं नको. नाशिककडच्या बऱ्याच बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं, आपल्या हवेत तेच बरं. आणि नागपूरहून बाटली आणणार असाल तर काटोल-जलालखेड्यावरून या. अमरावती रोडनं आलात तर मध्ये कारंजा-तळेगाव लागतं, तो वर्धा जिल्हा. तिथे १९७४ पासून दारूबंदी आहे, आणि ती पाळली पाहिजे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तर आता भराभर.

लाल वाइनमध्ये, विशेषतः कॅबर्ने सोव्हिन्यॉमध्ये, द्राक्षाच्या सालीबियांचा तुरटपणा असतो. भाजलेल्या मांसाच्या चरबीत तो मऊ होतो. तिखटापुढे उलट होतं. मिरची तोंडात जाळ झाल्याची जाणीव देते, अल्कोहोल ती वाढवतं आणि तुरटपणा वर तोंड कोरडं पाडतो. गेल्या डिसेंबरात आमच्या संत्र्याच्या बागेत भाच्यानं कॅबर्ने उघडली. काळ्या रश्श्याचा एक घास, वर एक घोट, आणि माझ्या मावसभावानं ग्लास खाली ठेवून पाण्याचा गडू उचलला. मग शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन उघडली. किंचित गोड, आंबटसर, गार. गोडी तिखट आवरते, आंबटपणा तेल कापतो. त्याच माणसानं त्याच रश्श्यासोबत ती शेवटपर्यंत घेतली.

तेव्हा तर्रीला किंचित गोड शेनिन ब्लाँ किंवा रीसलिंग, दोन्ही पांढऱ्या. सांबारवडीला सोव्हिन्यॉ ब्लाँ, तीही पांढरीच, तिचा हिरवट वास सांबाराशी, म्हणजे कोथिंबिरीशी, जुळतो. वडाभातावर हिंग-लसणाची फोडणी सढळ हातानं पडते, तिथे फसफसती वाइन, बुडबुड्यांनी तोंड साफ होतं. वांग्याच्या भरताला धुराचा वास, त्याला गुलाबी झिनफांडेल. पुरणपोळी असेल तर वाइन पदार्थाहून गोड हवी, नाहीतर ती नुसती आंबट वाटते. त्यासाठी उशिरा तोडलेल्या द्राक्षांची मिळते, लहान बाटली पुरे.

गार करायची तर घमेल्यात बर्फ, पाणी आणि मूठभर जाडं मीठ, वीस मिनिटं. लाल वाइन 'घरातल्या तापमानाला' प्या असं लिहितात, ते थंड देशातल्या घरांचं. इथे डिसेंबरची रात्र सोडली तर लालही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. आणि जो पिईल त्यानं गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्यावी.

राहिली भाच्याची कॅबर्ने. कोणी आणलीच तर परत पाठवू नका. थोडं मटण मसाल्यात घालण्याआधी बाजूला काढा, मीठ-हळद-लसूण लावून निखाऱ्यावर भाजा आणि त्यासोबत घ्या. तर्रीची वाटी मात्र त्या ताटात नको.