शिकागो: आधी नदीवर, मग मनोऱ्यावर

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं अमेरिकेत आहेत. बाळंतपणाच्या, बारशाच्या निमित्तानं आपण जातो, आणि मग एखाद्या शनिवारी मुलगा म्हणतो, ‘चला आईबाबा, शिकागो दाखवतो.’ तो आपल्याला थेट विलिस टॉवरला नेतो. 103 व्या मजल्यावर काचेच्या बाहेर काढलेल्या गॅलरीत उभं करतो. पायाखाली काच, काचेखाली रस्ता. फोटो निघतो, फोटो ग्रुपवर जातो, झालं शिकागो.

माझी तक्रार या क्रमाबद्दल आहे. वर जाऊ नका असं मी म्हणत नाही, आधी खाली उतरा म्हणतो. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठा आणि ड्रेनेजमध्ये गेली, त्यामुळे लोक इमारतीचा कळस बघतात तेव्हा मी जोतं बघतो. पण शिकागोच्या बाबतीत ही वाकडी नजर फार कामाला येते. कारण हे शहर चिखलात वसलं आणि पाण्याशी झटापट करत मोठं झालं. तिथे बघण्यासारखं जे जे आहे, त्यातलं निम्मं या झटापटीतून आलेलं आहे.

मिशिगन सरोवराच्या काठावरची सपाट, पाणथळ जमीन. उतारच नाही, तर सांडपाणी वाहणार कसं? 1854 मध्ये पटकीची मोठी साथ आली, शेकडो माणसं दगावली. मग पुढच्या वर्षी बोस्टनहून एलिस चेसब्रो नावाचा इंजिनिअर आणला. त्यानं पाहिलं की जमिनीखाली गटारं टाकली तर ती नदीच्या पातळीखाली जातील. म्हणून त्यानं गटारं रस्त्याच्या वर टाकली, त्यांवर भराव घातला आणि त्यावर नवा रस्ता केला. आता रस्ता वर आणि घरं खड्ड्यात! तर घरं उचलली. 1860 मध्ये लेक स्ट्रीटवरची विटांच्या दुकानांची अर्ध्या ब्लॉकची अख्खी ओळ सहाशे माणसांनी सहा हजार स्क्रू-जॅक लावून चार फुटांहून जास्त वर घेतली. पाच दिवस लागले, आणि दुकानं चालू होती. बघ्यांची गर्दी व्हायची म्हणतात. मी म्हणतो, व्हायलाच हवी.

हे आज कुठे दिसतं? पिल्सन नावाच्या वस्तीत. पिंक लाइनची गाडी पकडून एटीन्थ स्ट्रीट स्टेशनवर उतरा. स्टेशनच्या जिन्यापासूनच भिंती मेक्सिकन चित्रांनी रंगलेल्या आहेत. मग गल्ल्यांतून हिंडा. काही जुन्या घरांचा तळमजला फूटपाथच्या खाली गेलेला दिसेल. फूटपाथ आणि घर यांच्यामध्ये खंदकासारखी मोकळी जागा, आणि दारात जायला छोटासा पूल. रस्ता वर गेला, घर उचलायला मालकाकडे पैसे नव्हते, इतकी साधी गोष्ट. तिथेच मेक्सिकन कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, प्रवेश फुकट. पर्यटकांच्या बसेस इकडे फारशा वळत नाहीत, त्यामुळे निवांत बघून होतं.

गटारं झाली, पण ती जात होती नदीत, नदी जात होती सरोवरात, आणि पिण्याचं पाणी येत होतं त्याच सरोवरातून! सरोवरात दोन मैल आत जाऊन पाणी घेण्यासाठी बोगदा खणला. मिशिगन अॅव्हेन्यूवर पिवळसर दगडाचा, किल्ल्याच्या बुरजासारखा वॉटर टॉवर दिसतो ना, तो त्याच योजनेतला, 1869 चा. 1871 च्या आगीत आसपासचं सगळं जळालं, तो राहिला. लोक त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढतात आणि समोरच्या दुकानांत शिरतात. रस्त्यापलीकडचं जुनं पंपिंग स्टेशन आजही शहराला पाणी देतं, हे सांगायला कुणी नसतं.

तरी भागेना. शेवटी त्यांनी नदीच उलटी वाहवली. पंचेचाळीस किलोमीटरचा कालवा खणला, नदीपेक्षा खोल, आणि 2 जानेवारी 1900 ला पाणी सोडलं. सरोवराकडे जाणारी नदी आता सरोवरातून निघून मिसिसिपीच्या दिशेनं जाऊ लागली. खालच्या अंगाला मिझूरी राज्यातलं सेंट लुईस शहर. ते लोक कोर्टात जाऊन मनाई आणतील म्हणून शिकागोवाल्यांनी गाजावाजा न करता घाईघाईनं बांध फोडला. मिझूरी राज्यानं खटला भरलाच, पण 1906 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरलं. वरच्या गावानं खालच्या गावाकडे काय सोडावं, हे भांडण आपल्याला काही नवीन नाही.

म्हणून माझा आग्रह: पहिल्या दिवशी, पहिल्यांदा, नदीतली बोट. मिशिगन अॅव्हेन्यूच्या पुलाखालून वास्तुकलेची सफर दाखवणाऱ्या बोटी सुटतात. दीड तासाची फेरी असते. बऱ्याच कंपन्या आहेत. शिकागो आर्किटेक्चर सेंटरच्या बोटीवर माहिती सांगणारे स्वयंसेवक असतात, त्यांत माझ्या वयाचेही पुष्कळ, आणि ते पाठ केलेलं बोलत नाहीत. वरच्या उघड्या डेकवर बसा, टोपी न्या. मक्याच्या कणसांसारखे दोन गोल मनोरे दिसतील ते मरीना सिटी: खालचे एकोणीस मजले नुसत्या गाड्या, वर माणसं राहतात. पुढे नदी जिथे वळते तिथे 1983 ची एक हिरव्या काचेची इमारत नदीबरोबर वळते. पाणी आणि आकाश दोन्ही तिच्या काचेत दिसतात. हे वरून, 103 व्या मजल्यावरून, कळतच नाही. तिथून सगळ्या इमारती नुसत्या टोप्या.

बोटीतून उतरलात की त्या पुलाच्या बुरुजात एक लहानसं संग्रहालय आहे. पूल मधोमध दुभंगून वर उचलला जातो, त्याचे दातेरी गिअर तिथे हाताच्या अंतरावरून बघता येतात. पुलाचं वजन मागच्या बाजूच्या लोखंड-काँक्रीटच्या वजनानं तोललेलं, म्हणून मोटर मामुली पुरते. जिने अरुंद आहेत, गुडघ्यांचा विचार करून जा. समोरच ट्रिब्यून टॉवर. त्याच्या भिंतीत जगभरातल्या इमारतींचे तुकडे बसवलेत, त्यात ताजमहालाचाही एक आहे. कुणी दिला, कसा दिला, असले प्रश्न त्या काळी विचारत नसत.

तिथून दक्षिणेला चालत वीसेक मिनिटांवर मिलेनियम पार्क. ‘बीन’ सगळ्यांना माहीत आहे. अनिश कपूर यांचं ‘क्लाउड गेट’ हे शिल्प, आणि कपूर जन्मले मुंबईत, 1954 साली. स्टेनलेस स्टीलच्या 168 पत्र्यांना जोडून, सांधे घासून घासून नाहीसे केलेत. जवळ जाऊन एक तरी सांधा शोधायचा प्रयत्न करा. पण मला त्याहून मोठं वाटतं ते पायाखालचं: 2004 मध्ये उघडलेलं हे सगळं उद्यान रेल्वेच्या रुळांवर आणि गाडीतळांवर घातलेलं छप्पर आहे. झाडं, कारंजी, मैफिलींचा मंच, सगळं गच्चीवर.

आणि सरोवराचा काठ मोकळा का राहिला? 1836 च्या नकाशावर लिहून ठेवलं होतं की ही जागा कायम खुली, इमारतींविना राहील. लिहून काय सगळीच गावं ठेवतात. इथे माँटगोमरी वॉर्ड नावाच्या टपालानं माल विकणाऱ्या व्यापाऱ्यानं 1890 पासून वीस वर्षं कोर्टकचेऱ्या केल्या. प्रतिष्ठित मंडळी त्याच्यावर चिडली. आज तिथे काठाकाठानं एकोणतीस किलोमीटरची पायवाट आहे. आगीचा राडारोडाही याच काठावर सरोवरात ढकलला होता, तेव्हा ग्रँट पार्कमध्ये चालताना काही ठिकाणी तुम्ही जुन्या शिकागोवरच चालत असता.

आर्ट इन्स्टिट्यूटला अर्धा दिवस द्या. 1893 च्या सप्टेंबरात सर्वधर्म परिषद भरली ती याच इमारतीत; विवेकानंदांचं 11 सप्टेंबरचं भाषण इथलंच. पण त्या वेळचं सभागृह आज तसं शिल्लक नाही, हे माहीत असलेलं बरं, नाहीतर लोक शोधत बसतात. 2010 मध्ये मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी त्या भाषणाचे शब्द इथल्या भव्य जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांनी उमटवले होते. अमेरिकेत दहशतवादी हल्ल्याच्या इशाऱ्यांसाठी जे पाच रंग ठरलेले होते, नेमक्या त्या रंगांत. 11 सप्टेंबर या तारखेची दोन्ही टोकं, 1893 चं भाषण आणि 2001 चा हल्ला, त्यांनी एका जिन्यावर आणली. चित्रांत जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराचं ठिपक्यांचं मोठं चित्र आधी दुरून बघा, मग जवळून.

डायनासोरचा सांगाडा बघायला नातवंडं फील्ड म्युझियमला नेतीलच. ‘सू’ छानच आहे. नेव्ही पिअर मला जत्रा वाटली. डीप-डिश पिझ्झा एकदा खा, शिजायला पाऊण तास लागतो, दोघांत लहानातला लहान घ्या. भाजी-भाकरीची आठवण आली तर डेव्हन अॅव्हेन्यू. त्याच एका रस्त्याच्या एका तुकड्याला गांधींचं नाव आहे आणि दुसऱ्याला जिनांचं, आणि दोन्हीकडे चहा चांगला मिळतो.

मग शेवटी, संध्याकाळी, चढा मनोऱ्यावर. 1973 चा, 110 मजल्यांचा. त्याची रचना केली ढाक्यात जन्मलेल्या फझलूर खान यांनी. नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना बांधल्या आणि वाऱ्याचा जोर सगळ्यांनी मिळून पेलला. वर गेलात की उत्तर-दक्षिण नंतर बघा, आधी खाली नदी शोधा. आता ती ओळखता येईल.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: बसायला आणि प्रसाधनगृहाला जागा कुठे? मिलेनियम पार्कसमोरचं कल्चरल सेंटर. 1897 ची ही इमारत पूर्वी सार्वजनिक वाचनालय होती. आगीनंतर ते वाचनालय सुरू झालं होतं एका रिकाम्या लोखंडी पाण्याच्या टाकीत! आत फुकट जाता येतं, लिफ्ट आहे, आणि वर टिफनीच्या काचेचा अडतीस फुटी घुमट आहे. तिथल्या बाकावर बसून डबा उघडण्याआधी मात्र पहारेकऱ्याला विचारा. आणि जानेवारीत तिकिटं काढू नका. बहुतेक बोटी तेव्हा बंद असतात.