नवरात्राचं धुणं आणि आपली कंबर

मागं आवाज येतोय का? येतोय. माईक जरा खरखरतोय, चालवून घ्या.

नवरात्र तोंडावर आलंय म्हणून मीच मंडळाच्या पोरांना म्हटलं की व्याख्यान ठेवायचं तर धुण्याआधी ठेवा, नंतर ठेवून काय उपयोग, नंतर तुम्ही सगळ्या मला दवाखान्यातच भेटणार आहात. हसू नका, बावीस वर्षं फिजिओथेरपी करतीय मी, घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात कंबर धरून येणाऱ्या बायकांची रांग काही चुकलेली नाही. घरातल्या झाडून सगळ्या वाकळा, चादरी, पडदे, सगळं एका दिवसात पंचगंगेवर न्यायचं नाहीतर दारात पिंपं भरून बसायचं, आणि वर्षभराचं धुणं एका सकाळीत उरकायचं.

मी पण त्यातलीच बरं का. लग्नानंतरचं दुसरं वर्ष, सासूबाईंबरोबर घाटावर गेलेले. साडेपाचला उठून सहाला पाण्यात. चार जुन्या लुगड्यांची जाड वाकळ, कोरडी होती तेव्हा काखेत मारून नेलेली, भिजल्यावर उचलंना. मग दोघींनी दोन टोकं धरून पिळायला घेतली, त्या उजवीकडं पीळ देतायत मी डावीकडं, कमरेत वाकलेली, हात लांब, आणि अशी चमक गेली की तिथंच पायरीवर बसले ते उठताच येईना. दोघींनी धरून रिक्षात घातलं. आणि मी शिकलेली फिजिओथेरपिस्ट! वर आणि एका ओळखीच्या माणसानं सांगितलं, पंधरा दिवस हलायचं नाही, फळीवर झोपायचं. तीन दिवस झोपले मी तशी, अंगाचं लाकूड झालं नुसतं. चौथ्या दिवशी आमच्या सरांचा फोन आला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुला कॉलेजात हेच शिकवलं का, ऊठ आणि अंगणात चक्कर मार.

तर त्या सकाळी झालं काय हे सांगते, त्यातच निम्मं व्याख्यान आहे.

आपले मणके 33. त्यातले खालचे 9 मोठेपणी जुळून जातात, हलतात ते वरचे 24, मानेचे 7, पाठीचे 12, कमरेचे 5. त्यांच्या मधल्या गाद्या 23. गादी म्हणजे बाहेरून कांद्यासारखे चिवट पदर आणि आत पाणी धरून ठेवणारा गर. आता मोठ्या माणसाच्या या गादीच्या आत रक्तवाहिनी जात नाही, मग तिला खायला कोण घालतं? हालचाल. दाब पडला की पाणी बाहेर, दाब सुटला की आत, फडकं पिळून परत बादलीत बुडवल्यासारखं, आणि त्या पाण्याबरोबर तिचं अन्नपाणी येतं-जातं. रात्री आडवं झालो की गादी पाणी पिऊन फुगते, म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा एखाद सेंटिमीटर उंच असतो. घरी भिंतीवर पेन्सिलनं खूण करून बघा, पोरांना लई मजा वाटते.

पण फुगलेली गादी ताठ असते. उठल्या उठल्या पहिला तासभर खाली वाकलं की तिच्या मागच्या पदरांवर जास्त ताण येतो. आणि आपली बायकांची कामं नेमकी तेव्हाच, झाडलोट, सडा, गोठ्यातलं शेण, धार, पाण्याची पिंपं. कामं टळत नाहीत मला माहितीय. पण क्रम तर बदलता येतो? आधी उभ्यानं होणारी उरका, चहा ठेवा, डबे करा, वाकायची जरा नंतर. गोठा थांबणार नाही तर लांब दांड्याचा झाडू घ्या, एक गुडघा टेकून बसा. घाटावरही तसंच, सहाला जायच्या जागी साडेसातला गेलात तर नदी काय आटणार नाही.

दुसरं, वजन अंगापासून लांब. घरचा सिलेंडर घ्या, आत गॅस 14.2 किलो आणि टाकी धरून तीसच्या आसपास. तोच पोटाशी धरून उचलला तर एक गोष्ट आणि हात लांब करून ओढला तर कमरेला तो कितीतरी पट जड लागतो. हमाल लोक पोतं कसं घेतात बघा कधी मार्केट यार्डात, आधी अंगाला चिकटवतात, मग उठतात, आणि वळायचं झालं तर पाय वळवतात, कंबर नाही. वाकळ पिळायची नाही, मावशी. दगडावर नाहीतर जाड दोरीवर टाकायची, पाणी आपोआप निथळतं, अर्ध्या तासानं उचलायची. सासूबाईंना पटायला मला तीन वर्षं लागली ते सोडा.

आता दादा लोकांकडं वळते, नाहीतर म्हणाल हे काय बायकांचंच चाललंय. गुजरीतले, म्हणजे आपल्या सराफ बाजारातले, एक कारागीर माझ्याकडं येतात. त्यांच्या दुकानात जाऊन बसले मी एकदा, पेढीच्या मागं पाच बाय सहाची खोली, मांडी घालून बसलेले, समोर बुटका पाट, त्यावर मंगळसूत्राची वाटी, डोळा कामापासून वीतभर लांब. पाऊण तास मी बघत होते, हात सोडून माणूस हलला नाही. डोकं म्हणजे साधारण पाच किलोचं ओझं, ते सरळ मानेवर असलं की हाडं तोलतात, पुढं झुकवलं की मागच्या स्नायूंनी धरून ठेवायचं, तासन्‌तास. मी त्यांना पाठ ताठ ठेवा असं सांगितलंच नाही, ताठ बसून ते काम होतच नाही हो. पाट चार बोटं उंच केला, बुडाखाली उशी दिली, आणि म्हटलं दर अर्ध्या तासाला पाण्याला उठायचं, तांब्या मुद्दाम लांब ठेवायचा. तेवढ्यानं दोन महिन्यांत मानेचं बरंच हलकं झालं. मोबाईल बघणाऱ्या पोरांची मान तश्शीच असते, फक्त त्यांच्या हातात सोनं नसतं. आणि एमआयडीसीत गाडीवर जाणारे, मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवत जा, एका बाजूला तिरकं बसून किती वर्षं जाणार.

चला, सगळ्यांनी उभं राहा जरा. हात कमरेवर, हळूच मागं वाका, पाच वेळा. काका, तुम्ही खुर्ची धरा. बसा.

आणखी एक, ती ‘गादी सरकली’ आणि ‘मणक्यात गॅप आलाय’ ही भाषा. गादी वर-खाली मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, साबणाच्या वडीसारखी सटकत नाही. तिचा फुगवटा येतो, तो नसेला लागला तर पायात कळ उतरते, ती सायटिका. आणि एमआरआयचा कागद बघून घाबरू नका. काहीच दुखत नसलेल्या लोकांचे स्कॅन तपासून 2015 साली आकडे काढले होते, विशीतल्या 37 टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीतल्या 96 टक्के. केस पांढरे झाले म्हणून आपण ॲडमिट होतो का? बहुतेक उसण काही आठवड्यांत उतरते, हळूहळू चालत-फिरत राहिलात तर.

पण एवढं मात्र ध्यानात ठेवा. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधीर झालं, पाऊल उचलेना, तर शेक नाही, मालिश नाही, मणका बसवून देणारा तर नाहीच, त्याच दिवशी सीपीआर, म्हणजे आपलं कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल, नाहीतर जवळचं मोठं हॉस्पिटल.

आणि चाला. ऑस्ट्रेलियात 701 लोकांवर केलेला अभ्यास 2024 मध्ये आला, कंबरदुखीतून बरे झालेले लोक, त्यातल्या निम्म्यांना हळूहळू वाढवत आठवड्यात पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत न्यायचं ठरवलं, दुखणं परत यायला, सगळ्यांतला मधला आकडा धरला तर, त्यांना 208 दिवस लागले, बाकीच्यांना 112. फुकटचं औषध आहे. रंकाळ्यावर चाला, फक्त चक्कर झाल्यावर कट्ट्यावर दोन तास राजकारण नको.

काय म्हणताय काका? झोपायची गादी कडक पाहिजे का मऊ? स्पेनमध्ये 313 लोकांवर बघितलं होतं, 2003 साली, मध्यम कडक गादीवाल्यांची कंबर जास्त बरी राहिली. फळी काढून टाका. आणि पट्टा? प्रवासापुरता ठीक, वर्षानुवर्षं नको.

तिकडं मागं वस्ताद हात वर करतायत. जोर मारायचे का अजून, वय पासष्ट? मारा की. आयुष्यभर मारलेत, तुमच्या कमरेला त्यांची सवय आहे. फक्त उठल्या उठल्या नको, आधी तालमीला दोन चकरा, आणि पन्नासावरून एकदम शंभरावर जायचं नाही. नातवाला घेऊन जाताय का बरोबर? त्याला उद्या दवाखान्यात पाठवा, मानेसाठी येणार म्हणून परवापासून नुसता मेसेजच करतोय तो.